तिसरा भाऊ शिंकतो

रेवदंडा
पौषातली संकष्टी, १९५९

धर्मास,

आजीचा आशीर्वाद, पण अर्धाच. उरलेला अर्धा इंजिन परत आल्यावर.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या मचव्याचं इंजिन काढलंस, पोत्यात बांधलंस आणि आगबोटीवर चढवून मुंबईला नेलंस. म्हणालास, "आजे, आमच्या गॅरेजात माझ्या हाताखालून काढतो, महिन्यात नवंकोरं करून आणतो." तुमच्या गॅरेजात महिना किती दिवसांचा असतो ते एकदा कळव. आमच्याकडे पौष संपायला आला.

साळावला जाणारी माणसं आता बाबाजीच्या लाँचीतनं खाडी उतरतात. आपल्या मचव्याकडे बघतसुद्धा न्हाईत, जणू आमच्या घरात देवी आल्यात. तुझा नामाकाका वल्ही मारतो. मधोमध ओहोटी लागली की मचवा कोर्लईकडे सरकतो आणि आत बसलेली माणसं देवाचं नाव घेऊ लागतात. काल एक भटजी उतरताना म्हणाला, "आजीबाई, यापेक्षा पोहत आलो असतो." मी म्हटलं, "परत जाताना पोहूनच जावा, आमचं वल्हं वाचेल."

नारळी पुनवेला तरीच्या, म्हणजे खाडीपार माणसं उतरवायच्या, नव्या मक्त्याची बोली हाय. बंदरावरच्या साहेबानं सांगून ठेवलंय, इंजिन चालू दाखवेल त्यालाच बोलीला उभं करणार. वल्ह्याचे दिवस गेले म्हणाला. म्हणजे पुनवेपर्यंत इंजिन मचव्यात बसलं पाहिजे, न्हायतर मक्ता बाबाजीचा झाला.

स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी तुझा बाप कोंडाजी लढाईतल्या लॉरीचं हे इंजिन मिलिटरीच्या भंगारातनं घेऊन आला. तेव्हा अख्खं बंदर हसलं, लॉरी पाण्यात चालवणार म्हणून. चालवली. तो तापानं गेला, इंजिन राहिलं. या घरात कर्ता म्हणून आता तेवढंच हाय. म्हणून विचारते.

तुझी आई सगुणा बरी हाय. हातांना फोड आलेत, बाकी काय न्हाय.

ठमाबाई


मुंबई
५ फेब्रुवारी १९५९

ती. आजीस,

धर्माचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पत्र वाचून वाईट वाटलं. इंजिनाचं काम चालू आहे, पण त्याला लागणारा एक भाग विलायतेहून यायचा आहे. आला की लगेच बसवतो. आईला म्हणावं भात कांडायला बाई लाव, हाताला फोड येईस्तोवर काय कांडतेस.

इथली एक गंमत सांगतो. आमच्या गॅरेजचे मालक होमी शेट यांना गाड्यांचं भारी वेड. मोडीतल्या एका म्हाताऱ्या गाडीचा सांगाडा घेऊन आम्ही शर्यतीची गाडी बांधली आहे, सगळी घरच्या घरी. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्या असत तशी धाटणी. लांबलचक पत्र्याचं नाक, चाकं उघडी, छप्पर नाही, दार नाही. चालवणारा मागच्या चाकांवर जवळजवळ बसलेलाच. बाजूनं धुराच्या सहा नळ्या निघतात, बासऱ्या लावल्यासारख्या. अशा शर्यतीला ड्रॅग म्हणतात. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, रुमाल पडला की सुटायचं, सरळ पाव मैल. पुढे जाईल तो जिंकला. वळायचं नाही, थांबायचं नाही.

आणि ती चालवतो कोण? तुझा धर्मा! शेट म्हणतात माझ्यासारखा गिअर कोणी टाकत नाही. आजे, पहिल्यांदा सुरू केली तेव्हा अंगावर काटा आला. सहा सिलिंडर एका ओळीत, एका सुरात. फक्त तिसरा भाऊ मध्येच शिंकतो, तेवढं काढलं की वाऱ्याला मागे टाकील.

काळजी करू नको.

तुझा,
धर्मा


रेवदंडा
माघातली अष्टमी

धर्मास,

ड्रॅग म्हणजे काय ते मी शाळेतल्या मास्तराला विचारलं. त्यानं मोठं पुस्तक काढून सांगितलं, ड्रॅग म्हणजे ओढत नेणं. मला वाटलं आपल्या रापणीसारखं काही असेल. गावानं दोर धरायचा, जाळं काठाला ओढायचं, मग मासळी वाटून घ्यायची. पण तुझ्या गाडीत माणूस एक, माल न्हाय, जायाचं कुठं न्हाय, आणायचं काय न्हाय. मग ओढता काय रे? एकमेकांचं नाक?

शिमग्याला आमच्या वाळूत बैलगाड्या पळतात. बैलाला शेवटाला कासरा खेचून वळवता तरी येतं.

ते जाऊ दे. पत्र मी पुन्हा पुन्हा वाचत न्हाय, डोळे तेवढे उरले न्हाईत. पण एका ओळीवर थांबले. "तिसरा भाऊ शिंकतो."

धर्मा, गॅरेजात सिलिंडरला भाऊ म्हणत न्हाईत. ते तुझा बाप म्हणायचा. सहा भाऊ एका रांगेत जेवायला बसलेत, त्यातला तिसरा शिंकतो, असं म्हणून तो पान्याची मूठ त्याच्या टाळक्यावर हळूच मारायचा की तो गप व्हायचा. साऱ्या दुनियेत शिंकणारा तिसरा भाऊ एकच हाय आणि तो आमच्या मचव्यातला हाय.

विलायतेच्या भागाची बोट बुडाली असं समजते. आता खरं लिही.

ठमाबाई


मुंबई
२२ फेब्रुवारी १९५९

ती. आजीस,

होय. इंजिन आपलंच आहे.

फसवायचं म्हणून नेलं नव्हतं. खरंच दुरुस्तीला आणलं होतं. उघडून साफ केलं, बाकावर चढवून चालू केलं, आणि नेमके होमी शेट आले. उभे राहून ऐकत राहिले. म्हणाले, "धरमा, हे इंजिन होडीत कुजवते काय तू?" आजे, बापाच्या इंजिनाला असं कोणी पहिल्यांदा म्हणालं. बंदरावर सगळे त्याला खटारा म्हणायचे. आणि मला त्या गॅरेजात 'ए कोळ्या' सोडून दुसरी हाक नव्हती. त्या दिवसापासून धरमा म्हणतात.

शेटनी शब्द दिलाय. एक शर्यत. दुसऱ्या एका शेटच्या गाडीबरोबर त्यांची ईर्षा आहे. ती जिंकली की आपलं इंजिन परत, आणि वर मचव्यासाठी नवं डिझेलचं इंजिन, खास समुद्रातलं. मग बाबाजीची लाँच आपल्या मागे धूर खात येईल. नारळी पुनवेच्या कितीतरी आधी होईल सगळं.

अडचण जागेची आहे. लढाईतल्या विमानांचा जुना रस्ता मिळणार होता, तो मिळत नाही. मी शेटना म्हटलं, आमच्या गावची वाळू ओहोटीला पाटीसारखी टणक होते. ते उडालेच. आता तुझ्याशिवाय कोण सांगेल? कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कुठून कुठपर्यंत? तू सांगशील तसंच करू.

रागावू नको. एकदाच.

धर्मा


रेवदंडा
माघ वद्य पंचमी

धर्मास,

एकदाच, असं म्हणणारा माणूस मी दुसऱ्यांदा येताना नेहमी बघते. पण इंजिन तुझ्या शेटच्या गाडीत अडकलंय आणि ते त्याच्या शर्यतीशिवाय सुटत न्हाय, एवढं मला कळतं. म्हणून सांगते. नीट वाच आणि शेटला वाचून दाखव.

अष्टमीच्या आसपास येऊ नका. तेव्हा भांग असतो, पाणी धड जात न्हाय, धड येत न्हाय. अवसेला न्हायतर पुनवेला या, उधाणाला. तेव्हा पाणी लांब जातं आणि वाळू उघडी पडते. गुढीपाडवा अवसेच्या दुसऱ्या दिवशी, मुंबईला सुट्टीही असेल. दिवस उगवायच्या वेळी पाणी तळाला असतं. तेव्हा गाड्या पळवा आणि ऊन पायाला लागायच्या आत वाळूवरनं चालते व्हा. जेवढं पाणी लांब जातं तेवढ्याच तावातावानं परत येतं. दुपारी ते सुरूच्या झाडांच्या मुळाशी असेल.

दुसरं. मोठ्या सुरूच्या झाडापलीकडे, खाडीच्या तोंडाकडे गाडी जाऊ द्यायची न्हाय. तिथली वाळू वरनं सारखी दिसते, खाली चिखल हाय. लहानपणी तुझा एक पाय तिथं गुडघ्यापर्यंत गेला होता आणि नामानं बखोटीला धरून काढला होता. चप्पल अजून तिथंच हाय.

तुझी आई बरी हाय. भात कांडत न्हाय ती.

ठमाबाई


मुंबई
२८ मार्च १९५९

ती. आजीस,

पाडवा पक्का. शेटना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुझी डोसी तो कॅप्टन आहे. डोसी म्हणजे त्यांच्या बोलीत म्हातारी. आदल्या दिवशी सगळे येऊन थांबतील, तिथल्या एका बंगल्याची सोय झाली आहे. पाहुणे पुष्कळ आहेत, बायकामाणसंसुद्धा. मला त्यांच्याबरोबरच राहावं लागेल, गाडीजवळ. शर्यत झाली की घरी येतो. आईला म्हण गुढी मी आल्यावर उभारायची. डोक्यावर पागोटं बांधून येतो, बघच.

धर्मा


रेवदंडा
चैत्र, रामनवमी झाली

धर्मास,

गुढी आम्ही उभारली न्हाय, तुझी वाट बघत. मग ती राहूनच गेली.

मुंबईत तू शर्यत वेगळी सांगत असशील. मी वाळूवर होते, मी पाहिलं ते लिहिते.

दिवस उगवला तेव्हा वाळू दूरवर उघडी पडली होती, सारवलेल्या अंगणासारखी. मी, नामा, तुझी आई, सगळा कोळीवाडा नवे कपडे घालून उभा. तू गाडी झाकून तिच्याशेजारी उकिडवा बसलेला. मला बघून उठलास, आणि शेटचा ड्रायव्हर बघतोय म्हणून परत बसलास. शेटचा पत्ता न्हाय. बंगल्यावर निरोप धाडला तर म्हणे चहा चाललाय. मग म्हणे अंडी चालल्यात. ऊन पायाला लागलं. पाणी फिरलं. मी तुला म्हटलं, "धर्मा, पाणी फिरलं बघ." तू म्हणालास, "व्हय आजे, दिसतंय." दिसत होतं तुला. कोळ्याच्या पोराला ते आंधळा असला तरी दिसतं.

मंडळी छत्र्या घेऊन आली तेव्हा अर्धी वाळू गेली होती. मी सरळ शेटजवळ गेले. म्हटलं, "शेट, आजची वेळ गेली. उद्या उजाडता करा, उद्याही उधाण हाय."

शेट हसला. "माजी, समुद्र काय घड्याळ बघून येते काय?"

"व्हय," म्हटलं, "तुमच्यापरीस वेळेवर येतो."

सगळी छत्रीवाली माणसं हसली. त्याला ते लागलं. माझ्या जिभेचा दोष म्हणायचा तर म्हण, मला पटत न्हाय. तो तुझ्याकडे वळून म्हणाला, "काय धरमा, तू पण घाबरते?" आणि तू माझ्याकडे बघितलंस न्हाय. म्हणालास, "नाही शेट. होईल." तीन शब्द बोलायला एवढं मोठं इंजिन लागलं तुला.

काठाची रुंद वाळू पाण्यानं खाल्लेली, म्हणून त्यांनी शर्यत खाडीच्या बाजूला सरकवली. शर्यत संपायची काठी रोवली ती मोठ्या सुरूपाशीच. तू बघत होतास. मी ओरडले, "तिच्यापुढं थांबायला जागा कुठं हाय?" पण तोवर सहा भाऊ बोलायला लागले होते.

खरं सांगायचं तर त्या आवाजानं मीसुद्धा हलले. मचव्यात तो कधी एवढ्या मोकळ्या गळ्यानं बोलला न्हाय. तुझ्या आईनं तोंडाला पदर लावला. रुमाल पडला, वाळू उडाली, आणि दुसऱ्या शेटची गाडी मागं पडली. दोन-तीन गाड्या मधे मावतील एवढा तू पुढं. मधे एकदा तिसरा शिंकला, तेवढंच. जिंकलास. ते कोणी नाकारत न्हाय.

पुढं वळण न्हाय, थांबणं न्हाय. तूच लिहिलं होतंस. काठी ओलांडलीस, सुरू ओलांडला, आणि चप्पल गेली तिथं गाडी गेली. नाक आधी, मग चाकं. तू उडी मारून बाहेर आलास. हातपाय शाबूत, देवाची दया. शेटची जीप आली, दोर लावला, तर जीपच रुतायला लागली. तेवढ्यात पाणी आलं. सांगितल्या वेळेला, घड्याळ न बघता.

शेट म्हणाला, "छोड दो." पाहुण्या बायका जेवायला चालल्या. त्यानं तुझ्या पाठीवर हात ठेवला, "जिंकला ना आपण, बस." आणि तू त्याच्या गाडीत मागच्या बाकावर बसलास. आई दहा पावलांवर उभी होती. तू काच वर केलीस.

आता तू गेल्यावरचं. नामानं रापणीचा दोर आणला. सगळा कोळीवाडा पाडव्याच्या कपड्यांनिशी छातीभर पाण्यात उतरला. बाबाजीसुद्धा, ज्याला इंजिन बुडाल्याचा फायदा होता. "घराचं हाय, ओढा," म्हणाला. दोर हाताला कापत होता. भरती पुरी होऊन उतरेपर्यंत आम्ही ओढत होतो, आणि पाण्यानं सोडली तेव्हा गाडी बाहेर आली. नाक मोडलेलं, सहा बासऱ्यांतनं खाडीचं पाणी गळतंय.

मास्तराचं पुस्तक बरोबर होतं. ड्रॅग म्हणजे ओढणं. ते आम्ही केलं.

नामाचा खांदा त्या दिवशी पुरा गेला. आधीच गेला होता, तुला कळवलं न्हाय.

डिझेलच्या इंजिनाचं शेटला विचार. तू जिंकलास, शब्द त्याचा हाय.

ठमाबाई


मुंबई
१७ मे १९५९

ती. आजीस,

काय लिहू. काच वर केली ती आईचं तोंड बघवेना म्हणून. तू दुसरं काही समजलीस तरी माझी तक्रार नाही.

शेटना विचारलं. ते म्हणतात, शब्द गाडी शाबूत परत आली असती तर लागू होता. तसं त्यांनी तेव्हा म्हटलं होतं का, मला आठवत नाही. म्हटलंही असेल. पण ते माझ्यावर खूश आहेत. नवी गाडी बांधायला घेतली आहे. या वेळी आठ सिलिंडरचं इंजिन, तेसुद्धा एका ओळीत. चालवणार मीच. ही जिंकली की नक्की काहीतरी करतील.

एक काम आहे. खाऱ्या पाण्यातून निघालेल्या इंजिनाचे काही भाग अजून उपयोगी पडतील असं शेट म्हणतात. वरचं झाकण, आतला दांडा आणि सहा सिलिंडरांचा सांगाडा. नामाकाकाला सांगून आगबोटीवर चढवून दे. तुमच्याकडे नुसतं गंजत पडेल.

आईचे हात कसे आहेत?

धर्मा


मुंबई
२० जुलै १९५९

ती. आजीस,

उत्तर नाही. इंजिनाचे भागही आले नाहीत. शेट विचारतात. पावसामुळे आगबोट बंद असेल म्हणून सांगितलं. नारळी पुनव जवळ आली. बोलीचं काय करणार आहेस ते कळव.

धर्मा


रेवदंडा
श्रावण, नारळी पुनवेचा दुसरा दिवस

धर्मास,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तर एकच देते.

बोली काल झाली. इंजिन चालू दाखवणारा बाबाजी एकटाच होता. मक्ता त्याचा झाला. साहेबानं मला विचारलं, "तुमचं काय?" मी म्हटलं, "आमचं पाडव्याला शर्यत जिंकलंय." त्याला वाटलं मी थट्टा करते.

मचवा वाळूवर उपडा घातलाय, चुलीला लागेल तसा फोडते. बारकी होडी राहिली. लाँचीत टोपल्यांचा वास येतो म्हणून बाबाजी ज्या मासळीवाल्या बायकांना घेत न्हाय, त्यांना आम्ही पलीकडे सोडतो.

तू आईच्या हातांचं विचारलंस. पौषातही मी लिहिलं होतं, तू भात कांडायला बाई लाव म्हणालास. धर्मा, नामाचा खांदा इंजिन गेल्यावर महिन्याभरात गेला. तेव्हापासून वल्ह्यावर तुझी आई बसते; नामा वल्ही मारतो असं लिहिलं ते तुझ्या जिवाला लागू नये म्हणून. बंदरावर आधी हसले, मग गप झाले. फोड आता येत न्हाईत. हात लाकडासारखे झालेत. पाडव्याला दहा पावलांवर उभी होती तेव्हा तिनं ते पदरात लपवले होते, लेकाला दिसू नयेत म्हणून. काच उगाच वर केलीस, तसंही काय दिसलं नसतं.

आता शेटच्या सामानाचं. झाकण आणि दांडा भंगारवाल्यानं नेला. सांगाडा मी दिला न्हाय. बाबाजीनं, आणि बऱ्या खांद्यानं नामानं, तो ओंडक्यांवरनं ढकलत धक्क्यापाशी नेला आणि पाण्यात सोडला. आपली होडी त्याला बांधतो. उधाणाला बाकीच्यांच्या होड्या दोर तोडून कोर्लईला जातात, आपली जागची हलत न्हाय. पळण्यापरीस उभं राहणं त्याला बरं जमतं.

आठ भावांची गाडी चालव. जिंक. इकडे यायचं तर अष्टमीला ये, भांगाला. तेव्हा पाण्याला घाई नसते, तुला उतरायला धीर होईल. पण खाडी उतरायला आईच्या होडीतच बसायचं, लाँचीत न्हाय. आणि वल्हं मागायचं न्हाय, नुसतं समोर बसून बघायचं.

सहा भोकं अजून एका ओळीत हायत. दोर ओवायला नामानं तिसरं निवडलं.

आता शिंकत न्हाय.

ठमाबाई